तिसऱ्या रांगेतलं पाणी

१

तिसऱ्या रांगेतल्या अळ्या जिवंत होत्या. कपाच्या तळाशी जायच्या, अंगाला आळोखेपिळोखे देत वर यायच्या, शेपटीकडची नळी पाण्याबाहेर काढून श्वास घ्यायच्या आणि पुन्हा खाली. त्या जिवंत होत्या, म्हणून एका मुलीवर खोटेपणाचा शिक्का बसला होता.

बाई वाकून बराच वेळ बघत राहिल्या. रसायनशास्त्र शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. निवृत्त होऊन वर्षं लोटली, तरी संस्थेत काही नाजूक घडलं की संचालक त्यांनाच बोलावून घेत. बाई आवाज चढवत नसत आणि कुणाची भीड धरत नसत.

"उद्या समिती बसेल," संचालक खाली मान घालून म्हणाले. "निरीक्षण खोटं सांगितलं हा आरोप साधा नाही, बाई. मुलीचं नाव कमी करावं लागेल. मग दुसरीकडेही तिला कोण उभं करणार? त्याआधी एकदा तुमच्या नजरेखालून जाऊ दे."

प्रयोग समजायला सोपा होता. घाणेरीचं झुडूप कुठेही माजतं, त्याच्या पानांना उग्र वास येतो. ती पानं उकळून अर्क काढायचा आणि त्यात चांदीचा क्षार टाकायचा. पानांतली द्रव्यं क्षारातली चांदी सुटी करतात, तिचे डोळ्यांना न दिसणारे कण पाण्यात तरंगत राहतात आणि पिवळट पाणी बघता बघता तपकिरी होतं. ते पाणी जंतू मारतं, डासांच्या अळ्याही मारतं. या चांदीवरच प्रयोगशाळेचं नाव झालं होतं.

टेबलावर कपांच्या तीन रांगा होत्या. पहिलीत नुसतं पाणी. दुसरीत चांदीचे कण. तिसरीत चांदी न घालता नुसता पानांचा अर्क. सगळीकडे एकाच तुकडीतल्या, एकाच वयाच्या अळ्या सोडल्या होत्या.

दुसऱ्या रांगेत सगळं शांत होतं. पहिलीतल्या अळ्या तरतरीत होत्या. त्यातल्या काहींनी तर अळीपण सोडून कोष धरला होता. डोकं जड, शेपूट आत वळलेली, स्वल्पविरामासारखे ते कोष पाण्यात टुणटुण उड्या मारत होते. तिसऱ्या रांगेत कोष नव्हते, पण अळ्या ठणठणीत होत्या.

आणि आदल्या संध्याकाळी ती मुलगी संचालकांना भर व्हरांड्यात सांगून बसली होती की तिसऱ्या रांगेतलीही एकूण एक अळी मेली आहे. चांदीची गरजच नाही!

बाईंनी पर्समधून भिंग काढलं. एका कपावर धरलं, मग शेजारच्या रांगेतल्या कपावर. पुन्हा पहिल्यावर. भिंग मिटताना त्या संचालकांना म्हणाल्या, "टेबलाला कुणी हात लावायचा नाही. आणि मला चौघांशी बोलायचंय. एकेकाशी."

२

मुलगी आली ती डोळे पुसूनच. प्रयोगशाळेत सगळे तिला धाकटी म्हणत.

"बस. रडून झालं असेल तर बोलू."

"झालंय, बाई. आता फक्त नाक गळतंय."

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते दिसू दिलं नाही. समोरचा काचेचा रिकामा कप पुढे सरकवला. "आधी यात पाणी भरून आण. माझं भिंग धुवायचंय."

धाकटी उठली, ओट्यावरच्या डिस्टिल्ड पाण्याच्या मोठ्या कॅनपाशी गेली, कप दोनदा विसळला, भरून आणला.

"काय बघितलंस ते सांग. काय वाटलं ते नको."

"निघायच्या आधी कप बघितले. तिसऱ्या रांगेत सगळ्या तळाशी. काडीने हलवून बघितलं, एकही वळवळली नाही. मी तशीच पळत सरांच्या खोलीत गेले. कीटककक्षातल्या ताई पण होत्या तिथे. मी म्हटलं, सर, नुसती पानंसुद्धा मारतात! सर म्हणाले, सकाळी मोजू, आत्ता घरी जा. मला कुठला धीर! व्हरांड्यात संचालक भेटले, त्यांनाही सांगून टाकलं."

"फोटो का नाही काढलास?"

"फोन बाहेरच्या कपाटात ठेवायचा नियम आहे ना. आईसुद्धा हेच म्हणाली. म्हणाली, जगाला जेवणाच्या ताटाचे फोटो पाठवतेस आणि जिथे काढायला हवा तिथे नियम पाळतेस."

"तुझं कुणाशी वाकडं?"

धाकटीने जराशाने मान हलवली. "नाही. पण पानं नुसतीच चालली तर वकील दादाचं काय होईल, ते माझ्या डोक्यातच आलं नाही. त्याचा अख्खा प्रबंध चांदीवर आहे."

३

वकील म्हणजे धाकटीच्या वरचा विद्यार्थी. प्रत्येक गोष्टीत बाजू मांडायची त्याला खोड, म्हणून हे नाव पडलं होतं. तो आत आला आणि खुर्चीत बसण्याआधीच त्याने दोन्ही हात पुढे केले. बोटांच्या टोकांवर काळे डाग होते.

"आधीच दाखवतो, बाई. चांदीच्या क्षाराचे डाग. घासून निघत नाहीत. गुन्हेगाराचे हात काळे म्हणाल, तर इथे सगळेच गुन्हेगार. सरांचे माझ्याहून काळे आहेत."

"मी अजून काही विचारलं नाही रे."

"विचारणारच होतात."

"यात पाणी भरून आण."

"चहा सांगू का त्यापेक्षा?"

"पाणी."

तोही कॅनपाशीच गेला. कप उजेडात धरून बघितला, विसळला, भरला. "माझ्यावरचा संशय मी स्वतःच मांडतो," तो बसत म्हणाला. "चांदी निरुपयोगी ठरली तर माझी इतकी वर्षं पाण्यात. किल्ली माझ्याकडे असते. पोरगी व्हरांड्यात बोलली ते मी ऐकलं होतं. मग? आहे ना मी अडकण्यासारखा?"

"अगदी. आता बचाव कर."

त्याचा चेहरा एकदम उतरला. वकिली संपली आणि मागे एक दमलेला मुलगा उरला. "बचाव नाही, बाई. मी काल परत येऊन ते कप बघणार होतो. दारापर्यंत आलो. आत दिवा होता. वाटलं, सर असतील. खरं सांगू, ती म्हणते ते खरं निघेल या भीतीने मी उलट्या पावली गेलो."

"दिवा होता?"

"होता. आणि आत कुणीतरी हळूच पाणी ओतत होतं."

४

प्रयोगशाळा चालवणारे सर बाईंचे जुने विद्यार्थी. कधीकाळी पहिल्या बाकावर बसून प्रश्नांनी भंडावून सोडणारा हा मुलगा. आता कानशिलांवर केस पांढरे झाले होते आणि टेबलावर त्यांच्या मुलाचा फोटो होता: पुढचे दोन दात पडलेला, तिसरीच्या वर्गातला. तापाच्या साथीत गेला होता तो. डास चावून येणारा ताप. त्यानंतर सर कित्येक महिने घराबाहेर पडले नव्हते. पडले ते या चांदीच्या कामासाठीच.

"बाई, तुम्हीच शिकवलंत, मोजल्याशिवाय बोलू नये. पोरगी मोजण्याआधी बोलली."

"हो. आणि मोजताना कुणाचं तोंड बघू नये, हेही मीच शिकवलं होतं. काल संध्याकाळी तू परत प्रयोगशाळेत गेला होतास?"

"नाही. संचालकांनी बोलावून घेतलं. पानांचं काय ते खरं का, म्हणून बराच वेळ बसवून ठेवलं."

"तिसऱ्या रांगेत एकही कोष कसा नाही?"

सर थबकले. त्यांनी ते पाहिलंच नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं. "अर्काने वाढ खुंटली असेल," ते सावकाश म्हणाले. "अळ्यांमधलं मला फारसं कळत नाही. ते सगळं हिचं खातं."

हिचं म्हणजे त्यांच्या पत्नीचं, ताईंचं. कीटककक्ष त्याच सांभाळायच्या.

बाईंनी कप पुढे केला. सरांनी न विचारता तो घेतला, कॅनमधलं पाणी भरून आणलं आणि मग जरा हसून म्हणाले, "अजून पाणी आणायला लावता तुम्ही. वर्गात असंच करायचात, मी फार बडबडलो की."

"तुझ्या या कामाने तुला उठवलं, ते मला ठाऊक आहे रे," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "पण मुलगी खरं बोलत असेल तर?"

सर फोटोकडे बघत राहिले. "तर मी पहिला तिच्या बाजूने उभा राहीन. पण अळ्या जिवंत आहेत, बाई. त्याला मी काय करू?"

५

कीटककक्षात हवा उबदार आणि दमट होती. जाळीच्या पिंजऱ्यांतून अखंड बारीक गुणगुण येत होती. पांढरे ट्रे ओळीने मांडलेले, प्रत्येकावर जाळी. कोपऱ्यात नळाच्या पाण्याचा मोठा टब उघडा ठेवलेला. नळाच्या ताज्या पाण्यातलं औषध अळ्यांना सोसत नाही, म्हणून ते पाणी शिळं करून वापरायचं. शेजारच्या बादलीत वाळलं गवत भिजत होतं. त्या पिवळसर पाण्याच्या वासाने डासांच्या माद्या अंडी घालायला येतात.

ताईंना मुलं पूर्वी लाडाने डासआई म्हणत. घरातलं मूल डासांमुळे गेलं आणि ते नाव एका दिवसात सगळ्यांच्या तोंडून गळून पडलं.

"तुला इथे काम करवतं?" बाईंनी विचारलं. प्रश्न चौकशीतला नव्हता.

"सुरुवातीला नाही करवायचं," ताई ट्रेवरची जाळी नीट करत म्हणाल्या. "मग वाटलं, मी नाही वाढवले तर यांचं औषध कशावर तपासणार? वैऱ्याची पोरं सांभाळल्यासारखं आहे, बाई. पण सांभाळते."

"प्रयोगाला दिलेल्या तुकडीतल्या उरलेल्या अळ्या कुठे आहेत?"

"नियमाने त्याच दिवशी उकळत्या पाण्यात घातल्या. एकही डास इथून बाहेर उडता कामा नये. तो नियम मी मोडत नाही."

"मग आत्ता ट्रेमध्ये आहेत त्या?"

"धाकट्या तुकडीच्या. नंतर उबवलेल्या."

बाईंनी कप दिला. "जरा पाणी देतेस? भिंग धुवायचंय."

ताईंनी कप घेतला, कोपऱ्याकडे वळल्या, टबातल्या पाण्यात बुडवून भरला आणि आणून दिला. बाईंनी तो दोन्ही हातांत धरला. पाणी स्वच्छ होतं, तरी त्यांना ते फार जड वाटलं.

"तू पण चल टेबलापाशी," त्या म्हणाल्या. "सगळ्यांसमोर एक करून बघायचंय. पण त्याआधी मला काही सांगायचंय का तुला?"

ताईंनी ट्रेवरची जाळी पुन्हा एकदा नीट केली.

६

टेबलाभोवती सगळे उभे होते. संचालक, सर, वकील, धाकटी. ताई दारापाशी.

बाईंनी भिंग धाकटीच्या हातात दिलं. "पहिल्या रांगेतल्या, अजून कोष न धरलेल्या अळीचं डोकं बघ. आता तिसऱ्या रांगेतलीचं."

"तिसरीतलं लहान आहे, बाई. बरंच लहान."

"वाढ खुंटली तर अळी आहे तेवढी राहील. पण मोठी झालेली अळी पुन्हा लहान होत नाही. या सगळ्या एकाच तुकडीतल्या, एकाच वयाच्या सोडल्या होत्या ना? मग या त्या नाहीतच. कुणीतरी मेलेल्या काढून धाकट्या तुकडीतल्या जिवंत सोडल्या."

धाकटीने तोंडावर हात दाबला. संचालकांनी खुर्ची ओढून घेतली.

"पण खऱ्या अर्कात नव्याही मेल्या असत्या," बाई पुढे म्हणाल्या. "म्हणजे पाणीही बदलायला हवं. वकीलसाहेब, फ्रिजमधला मूळ अर्क घ्या, कॅनमधल्या पाण्यात या कपांइतका पातळ करा. मग त्यात आणि तिसऱ्या रांगेतल्या पाण्यात चांदीच्या क्षाराचे थेंब टाका."

वकिलाने न बोलता ते केलं. मूळ अर्क नितळच राहिला. खिडकीच्या उन्हात ठेवल्यावर हळूहळू तपकिरी होऊ लागला. तिसऱ्या रांगेतल्या पाण्यात थेंब पडताच दुधाची धार सोडल्यासारखा पांढरा ढग उठला.

"नळाचं पाणी!" वकील आणि सर एकदमच म्हणाले.

"नळाच्या पाण्यात मीठ असतं, ते चांदीला लगेच धरतं. रंगासाठी त्यात गवत भिजवलेलं पाणी घातलंय. अर्काचा उग्र वास या कपांना नाहीच." बाई थांबल्या. पुढचं बोलणं त्यांना नकोसं वाटत होतं. "आज मी चौघांना पाणी आणायला सांगितलं. तिघं सवयीने कॅनकडे गेले. चांदीजवळ नळाचं पाणी न्यायचं नाही, हे इथे पहिल्या दिवशी शिकवतात. यातल्या कुणी हे केलं असतं, तर अळ्या तेवढ्या आतून आणल्या असत्या आणि पाणी इथलंच घेतलं असतं. हाताला सवय असते, तिथलंच पाणी हात घेतो. शिवाय इतक्या नाजूक अळ्या उचलून सोडल्या आणि त्यातली एकही दगावली नाही..."

"पुरे, बाई," ताई म्हणाल्या. "मीच."

सर वळले. "तू? माझ्या कामासाठी? अगं, मी तुला असं कधी म्हटलं होतं?"

ताईंनी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्या पाठ फिरवून कीटककक्षात निघून गेल्या.

७

बाई मागोमाग आत गेल्या आणि दार लोटून घेतलं. ताई ट्रेच्या कडेला धरून उभ्या होत्या.

"यांचं नाव जावं म्हणून मी नाही केलं. राहावं म्हणूनही नाही."

"मग?"

"ती पोरगी आनंदाने ओरडत आली, सर, नुसती पानंसुद्धा मारतात. आणि माझ्या पायाखालची जमीनच सरकली." ताईंचा आवाज अगदी खाली गेला. "बाई, घाणेरी आमच्या कुंपणालाच होती. मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीला लागून. माझा मुलगा तिथेच खेळायचा. हे रोज म्हणतात, औषध वेळेवर तयार झालं नाही म्हणून तो गेला. त्या दुःखात निदान कुणाचा दोष नाही. आणि आता कळायचं, की हात लांब करून चार फांद्या तोडल्या असत्या, पातेल्यात उकळल्या असत्या आणि टाकीत ओतल्या असत्या तर... हे ऐकून तो माणूस पुन्हा उठला नसता. मला एवढंच सुचलं."

बाई तिच्याजवळ गेल्या. मनातल्या मनात त्यांनी देवाचं नाव घेतलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

"आणि ती मुलगी? तीही कुणाचं तरी लेकरू आहे गं."

ताई खाली बसल्या. "रात्रभर तेच मनात होतं. सकाळी सांगणारच होते. तेवढ्यात तिला सगळ्यांसमोर खोटारडी म्हणाले आणि माझी जीभच उचलेना."

"कुणी केलं ते मी समितीला सांगणार. का केलं ते नाही सांगणार. पण त्याला ते तू सांगायचंस. मी सांगितलं तर तो चौकशीचा निष्कर्ष होईल. तू सांगितलंस तर नवरा-बायकोचं बोलणं होईल. आणि आधी त्या मुलीकडे जा."

ताईंनी पदराने तोंड पुसलं आणि उठल्या. धाकटी दाराबाहेरच्या बाकावर बसली होती. ताई तिच्यासमोर हात जोडून उभ्या राहिल्या, तशी ती गडबडून उठली आणि तिने ते हात धरून खाली केले.

"असं नका ना करू, ताई. मला राग आलाय. खूप आलाय. पण असं नका करू." मग नाक ओढत म्हणाली, "मला परत अळ्या हव्यात. पूर्ण वाढलेल्या. द्याल?"

८

समितीने आरोप मागे घेतला. ताईंकडून कीटककक्ष काढून घ्यायचं ठरलं, पण प्रयोग पुन्हा होईपर्यंत त्यांनीच थांबावं, हे धाकटीने मागून घेतलं. वकील म्हणाला, "माझा प्रबंध बुडाला तरी चालेल, पण मोजायला मी असणार." मग स्वतःच पुढे म्हणाला, "तसा तो बुडणार नाही म्हणा. जंतू मारायला चांदी लागतेच. नुसत्या पानांना जंतू भीक घालत नाहीत. अर्धा वाचला. अर्ध्यावर अपील करीन."

या वेळी सगळ्यांच्या देखत कप भरले, अळ्या सोडल्या, दाराला संचालकांनी आपलं कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी उघडलं तेव्हा बाईही आल्या होत्या.

सर आणि ताई बरोबर आले. दोघांचेही डोळे सुजलेले होते. ते बोलले असणार, हे बाईंना बघताक्षणी कळलं. काय बोलले ते त्यांनी विचारलं नाही.

पहिल्या रांगेत अळ्या आणि कोष मजेत होते. दुसऱ्या रांगेत काही हललं नाही. धाकटीने काडी तिसऱ्या रांगेतल्या पहिल्या कपात घातली. हलवलं. अळ्या पाण्याबरोबर गोल फिरल्या आणि पुन्हा तळाशी बसल्या.

ती बोलायला घाबरत होती. सरांनी वाकून बघितलं. मग पुढचा कप, मग त्याच्या पुढचा. सगळीकडे तेच.

"लिही," ते धाकटीला म्हणाले. "डासांसाठी चांदी लागत नाही. पानं पुरतात. वर तुझं नाव घाल, माझं त्याखाली. पुढच्या साथीच्या आधी ज्याच्या दारात टाकी आहे, त्याच्यापर्यंत हे पोचलं पाहिजे."

धाकटीने मान हलवली. तिने वही उघडली.

सर तिथेच उभे राहिले. ताई शेजारी होत्या. दोघंही त्या पिवळट पाण्याकडे बघत होते. सर इतक्या हळू बोलले की शेजारच्या बाईंनाही जेमतेम ऐकू आलं.

"आपल्याला ठाऊक नव्हतं गं."

"नव्हतं," ताई म्हणाल्या. "आता आहे."

आणि त्यांनी पुढचा कप उजेडात ओढून घेतला.